पाट आणि नळ : पाण्याला चालवते कोण?



पावसाळा सरून ओढ्याचे पाणी ओसरू लागले की रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर एकच विषय निघतो, तो पाण्याचा. यंदा त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली. चार-पाच शेतकरी बांधवांनी आम्हांला विचारले, "फादर, पाट बुजवून सगळीकडे पाईपच टाकावा का? पाटात पाणी मुरते, खेकडे बांध पोखरतात, शेवटच्याला काही मिळत नाही. पाईप टाकला म्हणजे कटकट मिटली." त्यांतील काहींनी तर सोसायटीचे कर्ज काढण्याची तयारीही केली होती.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. परंतु या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगण्यात कमीपणा नाही. मिशनच्या विहिरीचे पाणी वरच्या बागेत न्यायचे होते. दुकानात तीन इंची व दोन इंची पाईपच्या किमतीत बराच फरक दिसला. पाणीच ते, जाईल की नळातून, असे म्हणून आम्ही दोन इंची पाईप आणला. मोटर सुरू केली तेव्हा विहिरीजवळच्या जोडातून पाण्याचे फवारे उडाले आणि बागेत मात्र करंगळीएवढी धार पडली. मोठी मोटर बसवली. विजेचे बिल वाढले, धार फारशी वाढली नाही. शेवटी सगळा पाईप उकरून बदलावा लागला. दोष मोटरचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. पाटातले पाणी कशाने चालते आणि नळातले कशाने, हा भेदच आम्हांला उमगला नव्हता. आपणांपैकी कोणी कर्ज काढण्यापूर्वी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

भेद झाकणाचा नव्हे

पाट म्हणजे उघडा आणि नळ म्हणजे झाकलेला, असे आपण सहज म्हणतो. खरा भेद तो नव्हे. पवित्र शास्त्रातीलच उदाहरण घेऊ. हिज्कीया राजाने पाणी नगरात आणले, असा उल्लेख राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे (२ राजे २०:२०). यरुशलेममधील गीहोन झऱ्याचे पाणी शिलोह तळ्यापर्यंत नेणारा तो खडकातील बोगदा आजही पाहावयास मिळतो. ज्या शिलोह तळ्यावर प्रभू येशूने जन्मांधाला धुण्यास पाठवले, तेच हे नाव. बोगद्याची लांबी सुमारे ५३३ मीटर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याला मिळणारा उतार अवघा ३० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक फूट! दोन बाजूंनी दोन टोळ्यांनी खडक फोडीत येऊन मध्ये भेट घेतली, असे तेथे सापडलेल्या शिलालेखात कोरलेले आहे.

हा बोगदा पुरता झाकलेला आहे. तरीही तो नळ नव्हे, पाटच आहे. कारण पाणी त्याच्या छतापर्यंत भरलेले नसते. पाण्यावर मोकळी हवा असते. ज्या वाटेत पाण्याच्या माथ्यावर मोकळी हवा, तो पाट, मग वर आभाळ असो की खडक. ज्या वाटेत पाणी चहूबाजूंनी कोंडलेले आणि गच्च भरलेले, तो नळ. आपल्या मोरीचे सांडपाणी नेणारा चार इंची पाईप अर्धाच भरून वाहतो. तोही खरे पाहता पाटच होय.

एवढा भेद ध्यानात आला की पुढचे सोपे आहे.

पाटाला उतार लागतो

पाटातील पाण्याच्या माथ्यावर सर्वत्र सारखीच हवा दाबत असते. तेव्हा पाण्याला पुढे ढकलणारे दुसरे कोणी नाही. त्याला चालवते ते त्याचे स्वतःचे वजन, उतारावरून खाली ओढले जाणारे. उतार नाही तर चाल नाही. चढ तर मुळीच चालत नाही. पाणी तेथे तुंबते, काठोकाठ चढते आणि बांधावरून शेजाऱ्याच्या शेतात जाते.

परंतु पाटाचा एक मोठा गुण आहे. त्याला उतार फारच थोडा पुरतो. समजा, सेकंदाला ५ लिटर पाणी ३०० मीटर दूर न्यायचे आहे. एक फूट रुंदीच्या मातीच्या पाटात चार बोटे खोल पाणी ठेवले तर हजार मीटरला एक मीटर एवढा उतार पुरतो. म्हणजे आपल्या ३०० मीटरला फक्त एक फूट. वाटेत गवत नसावे, एवढीच अट.

पाटाची दुसरी खूण अशी की तो आपली खोली आपणच ठरवतो. पाणी जास्त सोडले तर ते वर चढते, कमी सोडले तर उतरते. वाटेत गवत माजले तर पाण्याची चाल मंदावते, आणि तेवढेच पाणी पुढे जाण्यासाठी खोली वाढते. म्हणून गवताळ पाट आधी वरच्या अंगाला फुटतो आणि खालच्या अंगाला कोरडा राहतो. शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी कोणी चोरलेच असेल असे नाही. पुष्कळदा ते वरच्यांच्या गवताने अडवलेले असते.

उतार वाढवून वेग वाढवावा म्हटले तर तेही सोपे नाही. फ्रान्समधील अँत्वान शेझी या इंजिनियरने अठराव्या शतकात दाखवून दिले की वेग दुप्पट हवा असेल तर उतार चौपट लागतो. शिवाय मातीच्या पाटात वेग फार वाढला की तळ खरवडला जातो. त्यापेक्षा गवत काढणे स्वस्त.

पाटाचे पाणी कसे मोजावे?

येथे एका धर्मबंधूची आठवण काढली पाहिजे. बेनेडेटो कास्तेल्ली हे बेनेडिक्टीन संघाचे संन्यासी आणि गॅलिलिओंचे शिष्य. वाहत्या पाण्याच्या मोजमापावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १६२८ साली रोम येथे प्रसिद्ध झाला. त्यांचा नियम असा : पाण्याचा काटछेद गुणिले पाण्याचा वेग म्हणजे वाहणारे पाणी. वाट अरुंद झाली तर वेग वाढतो, रुंद झाली तर कमी होतो. वाटेत गळती नसेल तर गुणाकार तोच राहतो. पाटालाही हा नियम लागू आहे आणि नळालाही.

आपण तो असा वापरावा. पाटाचा सरळ भाग निवडून १० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. वरच्या खुंटीपाशी पाण्यात मधोमध एक सुके पान टाकावे व घड्याळ धरावे. समजा पान ५० सेकंदांत खालच्या खुंटीशी आले. म्हणजे माथ्यावरचा वेग सेकंदाला २० सेंटीमीटर. तळाशी व काठाशी पाणी रेंगाळते, म्हणून शंभराला ऐंशी या प्रमाणाने तो कमी धरावा : १६ सेंटीमीटर. पाटात पाणी ३० सेंटीमीटर रुंद व १० सेंटीमीटर खोल असेल, तर ३० गुणिले १० गुणिले १६ म्हणजे ४,८०० घन सेंटीमीटर. सेकंदाला सुमारे पावणेपाच लिटर.

हेच माप पाटाच्या तोंडाशी एकदा व शेवटी एकदा घ्यावे. वाटेत किती पाणी मुरले ते त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत उघड दिसते. पाट बुजवायचा की नाही, याचा निर्णय या वजाबाकीवरून करावा, ऐकीव गोष्टीवरून करू नये.

नळाला दाब लागतो

नळातल्या पाण्याची गोष्ट निराळी. ते गच्च कोंडलेले असल्यामुळे त्याच्यावर दाब साठू शकतो. १० मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो भरतो. पाईपवर ४ किलो, ६ किलो असे छापलेले असते, त्याचा अर्थ तो ४० किंवा ६० मीटर उंच पाण्याचा दाब सोसेल.

या दाबामुळे नळातले पाणी दरीत उतरून पुन्हा चढू शकते, रस्त्याखालून पलीकडे निघू शकते. पाटाला हे जमत नाही. पण नळालाही मर्यादा आहे. नळाला जागोजागी छिद्र पाडून प्रत्येकावर एक उभी काचेची नळी बसवली आहे, अशी कल्पना करा. टाकीजवळच्या नळीत पाणी खूप उंच चढेल, पुढच्या नळीत थोडे कमी, त्यापुढच्या नळीत आणखी कमी. त्या सर्व माथ्यांना जोडणारी एक उतरती रेघ काढा. नळ त्या रेघेखाली कसाही वळला तरी पाणी वाहील. एखाद्या टेकाडावर नळ त्या रेघेच्या वर गेला की आत हवा साठू लागते आणि धार तुटते.

मग ही रेघ उतरते का? पाणी नळाच्या भिंतींशी घासते, आणि त्या घासण्यात दाब खर्च होतो. येथेच आमची चूक झाली होती. सेकंदाला तेच ५ लिटर पाणी, तेच ३०० मीटर अंतर घ्या. आतून तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाचा गुळगुळीत पीव्हीसी पाईप असेल, तर घासण्यात सुमारे ५ मीटर उंचीचा दाब खर्च होतो. आतून दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर सुमारे ३५ मीटरचा! व्यास एक इंचाने कमी केला, आणि खर्च सातपट झाला. व्यास निम्मा केला तर तोच खर्च तीसपटीच्या घरात जातो. कारण पाणी तेवढेच न्यायचे तर अरुंद नळात वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की घासणे जवळजवळ चौपट होते.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. तेच पाणी, तेच अंतर; पाटाला एक फूट उतार, तीन इंची नळाला ५ मीटर, दोन इंची नळाला ३५ मीटर. ते जादा ३० मीटर मोटरने भरून काढायचे म्हटले तर नुसत्या पाण्याला सुमारे दोन हॉर्सपॉवर शक्ती द्यावी लागते. पंपात वाया जाणारी धरली तर तीन-चार. पाईप विकत घेताना वाचवलेले पैसे असे दर महिन्याला विजेच्या बिलातून जातात.

आणखी एक सावधगिरी. पीव्हीसी पाईपचा आकार बाहेरून मोजून सांगतात. आतला व्यास त्याहून कमी असतो. दुकानात टेप घेऊन जावे व आतून मोजावे.

जुन्या लोकांची युक्ती

दाबाचे हे गणित आपल्याच मुलखातील जुन्या कारागिरांना ठाऊक होते. विजापूरला गेलात तर शहरात उभे असलेले दगडी मनोरे पाहा. त्यांना 'गंज' म्हणतात. आदिलशाहीत शहराला मातीच्या नळांतून पाणी पुरवले जाई. मुहम्मद आदिलशहाने १६५१ साली बांधलेल्या बेगम तलावाचे पाणीही असेच आणलेले होते. मातीचा नळ फार दाब सोसत नाही. म्हणून वाटेत हे मनोरे उभारले. पाणी मनोऱ्यात चढे, मोकळी हवा भेटताच जादा दाब निघून जाई, आणि पाण्यातला गाळही तेथे खाली बसे. नळ थोडा वेळ पाट होतो आणि पुन्हा नळ होतो, अशी ही व्यवस्था. आज लांब पाईपलाईनवर आपण चेंबर व हवेच्या झडपा बसवतो, त्यांमागे हाच विचार आहे.

मग निवड कशी करावी?

सारांश असा की फुकट कोणीच चालत नाही. पाट आपली पट्टी पाण्यात वसूल करतो : काही मुरते, काही उन्हाने उडते, काही खेकड्याच्या बिळातून जाते. नळ आपली पट्टी दाबात वसूल करतो, म्हणजे विजेत, डिझेलात किंवा टाकीच्या उंचीत. कोणती पट्टी आपल्याला परवडते, हे ज्याने त्याने पाहावे.

जमीन काळी व चिकट, उतार सौम्य, पाणी भरपूर आणि बंधाऱ्यातून आपोआप येणारे असेल, तर पाट बुजवू नये. तो साफ करावा, बांध ठोकून घट्ट करावेत, आणि जेथे मोजमापात फार पाणी मुरताना दिसेल तेवढाच तुकडा दगड-सिमेंटने बांधून घ्यावा. उलट जमीन वाळूमिश्रित किंवा मुरमाड, पाणी विहिरीचे व विजेने उपसलेले, शेत चढावर किंवा वाटेत ओढा असेल, तर पाईपच बरा. मात्र पुरेशा व्यासाचा. मोटरने उपसलेले पाणी मुरमाड पाटात सोडणे म्हणजे पैसे देऊन जमिनीखालचे पाणी वर काढायचे आणि पुन्हा तेथेच ओतायचे.

पाटाची देखभाल डोळ्यांना दिसते, नळाची दिसत नाही. म्हणून पाईप टाकताना उंचवट्यावर हवेची झडप, सखल जागी गाळ काढण्याची तोटी आणि विहिरीत फूटव्हॉल्व्हला जाळी अवश्य ठेवावी. झडप हळूहळू बंद करावी. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारे पाणी एकाएकी थांबवले तर पीव्हीसी पाईपमध्येही तीस-चाळीस मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा धक्का बसतो आणि जोड सुटतात.

आता आरोग्याचे

शेताचे पाणी चुकले तर पीक जाते. घरचे पाणी चुकले तर माणूस आजारी पडतो. येथेही हाच भेद कामास येतो.

पाट उघडा आहे. त्यात जनावरे उतरतात, कपडे धुतले जातात. ते पाणी कितीही निर्मळ दिसले तरी उकळल्यावाचून पिऊ नये. वाहत्या पाटापेक्षा पाळी संपल्यावर खड्ड्यांत साचून राहणाऱ्या पाण्यात डास अधिक होतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळी दिवसांत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाट पुरता कोरडा करावा व खड्डे बुजवावेत.

नळाचे पाणी मात्र झाकलेले, म्हणून शुद्धच, असे आपण समजतो. ते तेव्हाच खरे, जेव्हा नळात दाब असतो. दाबाने भरलेल्या नळाला भेग पडली तर पाणी बाहेर येते. पैशाचे नुकसान होते, पण बाहेरची घाण आत शिरत नाही. पाणी बंद झाले, नळ रिकामा झाला, की तीच भेग गटाराचे पाणी आत घेते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिली धार ती घाण घेऊन आपल्या घागरीत येते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. आपल्या जवळच्या हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास दाबाने पाणी मिळू लागले, तर बाकीच्यांना काही दिवसांआड थोडा वेळ मिळत राहिले. दोन्हींकडच्या तोट्यांचे पाणी संशोधकांनी तपासले आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. चोवीस तासांच्या नळांत विष्ठेतील जंतू आढळलेले नमुने शंभरात एकाहूनही कमी होते. थांबून-थांबून येणाऱ्या नळांत ते शंभरात तीसहून अधिक होते. तफावत मोठी आहे, आणि तिच्या मुळाशी नळातला दाब जाणे हे मोठे कारण आहे.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी धुण्याभांड्याला वापरावे, पिण्याचे नंतर भरावे. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे व झाकून ठेवावे. घराचा नळ गटारातून नेऊ नये. शक्य तर गटारापासून दहा फूट दूर व वरच्या पातळीवर न्यावा. मोरीच्या चार इंची पाईपला चाळीस फुटांस एक फूट या बेताने उतार द्यावा, म्हणजे घाण वाटेत बसून राहणार नाही.

आणि एक गोष्ट आम्ही धर्मगुरू या नात्याने सांगतो. सार्वजनिक नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढू नये. आपली टाकी लवकर भरते खरी; पण त्या ओढीने साऱ्या गल्लीच्या नळातला दाब जातो, आणि जेथे भेग असेल तेथून गटाराचे पाणी ओढले जाते. ते आपल्याच घरात येईल असे नाही. शेजारच्या पाळण्यातल्या लेकराच्या दुधातही ते जाऊ शकते. कायद्याने पकडले नाही म्हणून हे पाप लहान ठरत नाही. रात्री बारे फोडून पाटाचे पाणी वळवणे जसे, तसेच हे.

पाटावरचा शेवटचा शेतकरी वरच्यांच्या गवतावर अवलंबून असतो, आणि नळावरचा शेवटचा रहिवासी वरच्यांच्या मोटरवर. पाणी देवाने दिले, वाट आपण करतो. म्हणून येत्या शनिवारी सकाळी, पाण्याची पाळी सुरू होण्याआधी, प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ-खुरपे घेऊन पाटावर यावा, अशी आमची विनंती आहे. आम्हीही येऊ. प्रथम गवत काढू, मग दोन खुंट्या ठोकून तोंडाशी व शेवटी पाणी मोजू. कर्जाचे कागद त्यानंतर करावेत.

प्रभू आपल्या शेतांना व घरांना आशीर्वाद देवो.